त्या पोराचे नाव काय?

दिवाळीच्या अंकाने वाचकाला खिन्न करू नये, फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि तो योग्यही आहे. तरी आज तो थोडासा मोडण्याची परवानगी मी वाचकांकडे मागतो. कारण विषय तेलाचा आहे, आणि तेलाविषयी बोलायला दिवाळीखेरीज दुसरा मुहूर्त कोणता? नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला तेल चोळतो, चकल्या तेलात सोडतो, पणतीत तेल घालतो. त्या चार दिवसांत घराला जी कळा येते, ती निम्मीअधिक तेलाची.

जमिनीतल्या तेलाला मात्र आपण कधी सण दिला नाही. माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या घरात वीज आलेली नव्हती. तिन्हीसांजेला आई कंदिलाची काच राखेने पुशी, चिमणीची वात सारखी करी आणि डब्यातले रॉकेल बेताबेताने ओती. 'रॉकेल' हा शब्द म्हणजे 'रॉक ऑइल'चा मराठी अवतार. आणि त्याचे दुसरे नाव 'घासलेट', तेही 'गॅसलाइट' वरून आलेले. एका वस्तूला आपण दोन दोन नावे दिली, दोन्ही साहेबाच्या तोंडून उचलली, आणि ती वस्तू बाकूची, ब्रह्मदेशची की आसामची, हे एकदाही विचारले नाही. वाण्याच्या पिंपातून येते, एवढे भूगोलाचे ज्ञान आम्हांला पुरत होते.

न विचारण्याची ही सवय अजून गेलेली नाही, उलट आता आपण ती सहलीचे पैसे भरून जोपासतो आहोत, हे मला या लेखात सांगायचे आहे. आणि त्यासाठी वाचकांना मी वरच्या आसामात, डिगबोई, मार्घेरिटा आणि दुलियाजान या एकमेकींच्या शेजारी वसलेल्या गावांत नेणार आहे. मोटारीने एका दिवसात तिन्ही पाहून होतात. प्रवासी कंपन्यांची पत्रकेही ती एका दिवसातच उरकतात. माझी तक्रार त्या एका दिवसाविषयी नाही. त्या दिवसात जे सांगितले जाते आणि जे गिळले जाते, त्याविषयी आहे.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी डिगबोईला पहिल्यांदा गेलो आणि परत आल्यावर एक खुसखुशीत प्रवासलेख लिहिला. त्यात एक गोष्ट सांगितली होती. रेल्वेसाठी रानातून लाकडे ओढून आणणाऱ्या हत्तींच्या पायांना एकदा काळे, चिकट काहीतरी लागलेले साहेबाने पाहिले, त्याने माग काढला आणि तेल झिरपते आहे हे दिसताच शेजारच्या मजुराला तो ओरडला, "डिग, बॉय, डिग!" खण, पोरा, खण! त्यावरून गावाचे नाव पडले डिगबोई. वाचकांना गोष्ट फार आवडली. दोघातिघांची पत्रे आली. मला स्वतःला ती इतकी आवडली होती की ती खरी आहे की नाही, हे तपासण्याचा अरसिकपणा मी केला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा गेलो, या खेपेला मराठी मंडळींच्या एका सहलीबरोबर. प्रवासी कंपनीच्या वाटाड्याने हत्ती, साहेब आणि पोर या तिघांना क्रमाने रंगमंचावर आणले, आणि 'डिग, बॉय, डिग' येताच आमच्या तीसजणांनी टाळ्या पिटल्या. मी पुढे होऊन विचारले, "त्या पोराचे नाव काय?" मंडळी हसली. वाटाड्याही हसला. त्याला वाटले, मी विनोद केला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका निवृत्त कामगाराशी गप्पा झाल्या. त्याचे आजोबा डिगबोईच्या कारखान्यात होते. मी तोच प्रश्न त्याला विचारला. तो हसला नाही. म्हणाला, "नाव तर असणारच, दादा. साहेबाने विचारले नसेल."

त्या दिवसापासून ती टाळी माझ्या कानाला टोचते आहे.

आता त्या गोष्टीची थोडी उलटतपासणी करू. तेल हे हत्तीच्या पायाला अचानक लागलेले भाग्य होते काय? बुऱ्ही दिहिंग नदीच्या काठी जमिनीतून तेल पाझरते, याची नोंद विल्कॉक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ सालीच केली होती. म्हणजे त्या मुलखात राहणाऱ्यांना ते त्याहूनही आधी ठाऊक असणार. जे नदीकाठी उघड्यावर पाझरते, ते पाहायला साहेबाची दुर्बीण लागत नाही. १८६६ साली कलकत्त्याच्या मॅकिलॉप, स्टुअर्ट कंपनीच्या गुडइनफने या भागात विहीर खणायला घेतली, ती कोरडी गेली. पण १८६७च्या मार्चमध्ये माकुम भागात त्याला अवघ्या ११८ फुटांवर तेल लागले. अमेरिकेत ड्रेकने पेनसिल्व्हेनियात विहीर पाडली त्याला तेव्हा पुरती आठ वर्षेही झालेली नव्हती. डिगबोईची पहिली विहीर सुरू झाली १८८९ साली आणि ६६२ फूट खोल जाऊन १८९० साली पुरी झाली. म्हणजे हत्तीने पाय चिखलात घालण्यापूर्वी वीसएक वर्षे याच टापूत तेल काढून झाले होते! खणणारे यंत्र होते, हिशेब होता, भांडवल होते, आसाम रेल्वे अँड ट्रेडिंग कंपनी होती, लेक नावाचा जिद्दी इंजिनियर होता. नव्हता तो चमत्कार.

मग ही गोष्ट इतकी का टिकली? ती सोयीची आहे म्हणून. तिच्यात बुद्धी साहेबाची, बळ हत्तीचे आणि आज्ञापालन त्या पोराचे. साऱ्या साम्राज्याचा इतिहास तिने तीन शब्दांत बसवला आहे, आणि वर त्याला विनोदाचा मुलामा दिला आहे. त्या पोराला बोलायला एकही वाक्य नाही. तो उठून खणू लागतो, आणि गोष्ट संपते.

इतके बोलल्यावर, डिगबोईत पाहण्यासारखे काही नाही असा कोणी समज करून घेऊ नये. ते देखणे गाव आहे. १९०१ साली सुरू झालेला तेथला तेलशुद्धीकरण कारखाना आजही चालू आहे. जगात इतके जुने आणि अजून राबते असे कारखाने फार थोडे. शतकपूर्तीनिमित्त उभारलेले संग्रहालय आहे, त्याच्या आवारात ती पहिली विहीर जपलेली आहे, जुने पंप आणि यंत्रे मांडलेली आहेत. टेकड्यांवर साहेबी थाटाचे बंगले आहेत, अठरा खळग्यांचे गोल्फचे मैदान आहे. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे स्मशान आहे. त्या हिरवळीवर सुमारे दोनशे थडगी अशा शिस्तीत उभी आहेत की बडबडी मंडळीही तेथे आवाज खाली आणतात. शिळांवर नाव, पलटण, वय कोरलेले. एकोणीस, बावीस, चोवीस. वाचता वाचता घसा दाटतो, आणि तो दाटला पाहिजे.

पण त्याच गावात, महायुद्ध सुरू होण्याच्या जेमतेम पाच महिने आधी, आणखी काही माणसे मेली. १९३९च्या एप्रिलमध्ये डिगबोईच्या हजारो तेलकामगारांनी संप केला. तेव्हा मालकी आसाम ऑइल कंपनीची होती आणि १९२१ पासून तिची सूत्रे बर्मा ऑइल या बलाढ्य कंपनीच्या हाती होती. १८ एप्रिलला गोळीबार झाला, त्यात तीन कामगार ठार झाले. प्रांतात त्या वेळी गोपीनाथ बार्दोलोई यांचे काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. राजेंद्रप्रसादांसारख्या नेत्यांपर्यंत प्रकरण गेले. तरी कंपनी हलली नाही. सप्टेंबरात युद्ध पेटले, भारत संरक्षणाचे नियम हाती आले, आणि संप मोडला. ही गोष्ट आमच्या पत्रकात नव्हती. वाटाड्याच्या तोंडी नव्हती. चहाच्या टपरीवर ती मला फुकट मिळाली, कारण त्या माणसाचे आजोबा त्या संपात होते.

युद्धात मेलेल्यांची नावे कोरावीत आणि संपात मेलेल्यांची पर्यटकाला सांगूही नयेत, हा भेद कोणत्या न्यायाने? पहिल्यांच्या अंगावर गणवेश होता म्हणून? तेलाचे डाग पडलेली बंडी हाही गणवेशच आहे.

डिगबोईहून थोडे पुढे गेले की मार्घेरिटा. हे नाव ऐकून आमच्यातल्या एका आजोबांच्या नातवाला भूक लागली, कारण त्याला पिझ्झा आठवला! पोराचे चुकले नव्हते. इटलीच्या ज्या मार्घेरिटा राणीचे नाव परंपरेने त्या पिझ्झ्याला चिकटले आहे, तिचेच नाव या गावाला आहे. रेल्वेच्या बांधणीवर पागानिनी नावाचा इटालियन इंजिनियर होता. त्याच्या सन्मानार्थ त्याच्या राणीचे नाव गावाला दिले गेले. राणीने हे गाव पाहिले नाही. ज्या सिंगफो लोकांचा हा मुलूख, ज्यांना चहाचे झुडूप इंग्रजांच्या आधीपासून ठाऊक होते, त्यांच्या नावाने गाव झाले नाही. १८९३ साली येथेही तेल शुद्ध करण्याचा छोटा कारखाना निघाला होता. आज येथे कोळशाचे संग्रहालय पाहायला मिळते. जवळच लेडो, तेथून युद्धकाळात ब्रह्मदेशातून चीनच्या कुनमिंगपर्यंत हजार मैलांहून लांब रस्ता काढला गेला. त्याला नाव मिळाले जनरल स्टिलवेलचे. तो ज्यांनी खणला त्या हजारो अमेरिकन सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्याबरोबर हजारो देशी मजूर होते. पुन्हा तेच! हुकूम देणाऱ्याचे नाव रस्त्याला, आणि कुदळ मारणाऱ्याचे नाव मातीला.

आता दुलियाजान. हे स्वतंत्र भारताचे तेलगाव. १९५३ साली नाहरकटियाला तेलाचा मोठा साठा सापडला आणि १९५९ साली ऑइल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात आरंभी दोन तृतीयांश वाटा बर्मा ऑइलचाच होता. १९६१ साली तो निम्म्यावर आला, आणि १९८१ साली कंपनी पुरती सरकारची झाली. साहेब गेला, पण 'खण, पोरा, खण' हा हुकूम गेला काय? नाहरकटियाचे तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना बिहारात बरौनीला नेण्याचे ठरले, तेव्हा आसामात आंदोलन उठले. वाचकहो, सालाकडे लक्ष द्या: १९५६-५७. म्हणजे आपण संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर होतो त्याच दिवसांत, देशाच्या दुसऱ्या टोकाला आसामी माणूस आपल्या जमिनीतल्या तेलासाठी रस्त्यावर होता. त्याच्या हाती काय आले? गुवाहाटीच्या नूनमाटीला एक लहान कारखाना, ज्याचे उद्घाटन १ जानेवारी १९६२ रोजी नेहरूंनी केले; आणि बरौनीपर्यंत ११५७ किलोमीटर लांबीची नळवाट, जिच्यातून तेल बाहेर गेले.

ते शल्य आत राहिले आणि १९७९ नंतरच्या आसाम आंदोलनात वर आले. तेल बाहेर जाण्याची वाट आंदोलकांनी अडवली. तेव्हाची घोषणा होती, "तेज दिम, तेल निदिओं." मराठी कानाला हा शब्द चकवतो. आपल्याकडे तेज म्हणजे प्रकाश. आसामी भाषेत तेज म्हणजे रक्त! रक्त देऊ, तेल देणार नाही. १९८०च्या जानेवारीत दुलियाजानला आंदोलकांचे रक्त सांडले आणि तेलकंपनीच्या एका अधिकाऱ्याचेही सांडले. त्या आंदोलनातले सारेच मला मान्य आहे असे नाही. परक्या माणसाच्या द्वेषाची छाया त्याच्यावर पडली होती, आणि ती छाया आपल्याही ओळखीची आहे. पण तेलाविषयीचा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. १९८५च्या करारानंतर नुमालीगढचा कारखाना उभा राहिला, तो काही कोणाच्या औदार्याने नव्हे.

हा सगळा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून शेवटची गोष्ट ताजी सांगतो. २७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजान येथील विहीर उसळली आणि ९ जूनला तिने पेट घेतला. आग विझवणारे दोन कर्मचारी प्राणास मुकले. हजारो माणसे घरदार सोडून छावण्यांत गेली. शेजारी मागुरी-मोटापुंगचे तळे, पलीकडे डिब्रू-सैखोवाचे राष्ट्रीय उद्यान; जेथे पाखरे पाहायला आपण दुर्बिणी घेऊन जातो, तेथल्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. ती विहीर पाच महिन्यांहून अधिक काळ जळत होती. त्या वर्षी आपले लक्ष्मीपूजन होते १४ नोव्हेंबरला, आणि बाघजानची आग पुरती विझली १५ नोव्हेंबरला. आपण अंगणात पणत्या मांडत होतो, तेव्हा तेथले लोक तो आणखी एक दिवा, जो कोणालाच नको होता, विझण्याची वाट पाहत होते. महामारीच्या त्या वर्षात आपल्यापैकी कितीजणांना याची खबर होती? मला पुसट होती, आणि पुसट खबर ही बेखबरीहून वाईट, कारण तिने समाधान होते.

मला ठाऊक आहे की आता दोन आक्षेप येतील. पहिला असा की, माणूस सहलीला मन रमवायला जातो. त्याला संप, गोळीबार आणि आगी कशाला दाखवता? पण रायगडावर आपण काय करतो? हिरकणीच्या बुरजापाशी उभे राहून पोराबाळांना कोणाची गोष्ट सांगतो? राजाची नव्हे, तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेल्या एका गवळणीची. ती दंतकथा असेल; पण दंतकथेतही आपल्या लोकांनी त्या गवळणीला नाव दिले, आणि तिच्या नावाचा बुरूज राजाकडून बांधवून घेतला. त्याने आपली सहल कधी नासली काय? उलट घरी परतल्यावर मुलांना तीच गोष्ट आठवते. दोन दंतकथा शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीत राजा गवळणीचे नाव विचारतो. दुसरीत साहेब पोराचे नाव विचारत नाही. कोणत्या गोष्टीला टाळी वाजवायची, हे मराठी माणसाला शिकवायला नको होते. हुतात्मा चौकातून जाताना मान लववणाऱ्यांना तर मुळीच नको होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या कंपन्यांनी रानात गावे वसवली, दवाखाने काढले, शाळा काढल्या, रस्ते केले, शेकडो घरांत चूल पेटवली. ते का सांगत नाही? सांगतो, आणि आदराने सांगतो. डिगबोईतला तो निवृत्त कामगार स्वतः आपल्या कारखान्याविषयी अभिमानाने बोलत होता. जुन्या यंत्रांची नावे तो नातेवाइकांच्या नावांसारखी घेत होता. पण त्याचा अभिमान कंपनीच्या बंगल्यांचा नव्हता, आपल्या हातांचा होता. दवाखाना ही कृपा नव्हे. तेलाच्या किमतीत त्याचा पैसा कामगाराने आधीच भरलेला असतो. आणि कृपेचा हिशेब सांगणाऱ्याने घामाचा हिशेब लपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा वाचकांना माझी विनंती अशी. आसामला जा, काझीरंग्याच्या गेंड्यापाशी थांबू नका, पुढे जा. डिगबोईचे संग्रहालय पाहा, पहिल्या विहिरीपाशी उभे राहा. सैनिकांच्या थडग्यांवरची नावे वाचा, आणि मग वाटाड्याला विचारा, की १९३९ साली येथे कोण मेले? मार्घेरिटाला राणीची गोष्ट ऐका, आणि मग सिंगफोंच्या घरचा चहा मागा. २०२१ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या दिहिंग-पाटकाईच्या रानात हुलॉक वानराची हाक ऐका, आणि त्या रानाच्या पोटात कोळसा व तेल दोन्ही आहे, हे विसरू नका. बाघजानची वाट विचारा. पर्यटक जे विचारतो, तेच वाटाडा पाठ करतो. हा बाजाराचा नियम आहे, आणि तो या एका ठिकाणी आपल्या उपयोगी पडू शकेल. तीस माणसांच्या एका सहलीत एकाने नाव विचारले तर तो विनोद ठरतो. तिसांनी विचारले तर पुढच्या खेपेला उत्तर शोधून ठेवावे लागेल.

आणि माझ्या त्या जुन्या लेखाचे म्हणाल, तर तो ज्यांच्या कपाटात अजून असेल त्यांनी त्या गोष्टीपुढे समासात लिहून ठेवावे: 'लेखकाने नाव विचारले नव्हते.'